उजवा कौल

गोजरा गावाहून परतायच्या आधीच कौल कोपरखैरण्यात येऊन पोचला होता, आणि घोळ झाला तो तिथूनच.

शनिवारी संध्याकाळी ज्योतिबा गुरवानं गावातल्या बूथवरून खालच्या किराणावाल्याकडं फोन लावला. मानसिंग बनियनवरच दोन जिने उतरून गेला आणि पळत वर आला. "उजवा! उजवा दिला भैरोबानं! गुरव म्हनला, कळी लावायचा अवकाश, टपकन खाली!" राजाबाईनं कॉटवर बसल्या बसल्या दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. रविवारी सकाळी पेढे आले. कॅन्सरच्या घरात पेढे वाटणारी माणसं आणखी कुठं असतील तर असोत, शेलारांच्या घरात हे असंच चालत आलंय. देव काही बोलला की आधी तोंड गोड करायचं, विचार नंतर.

कौल कशाचा, तर जोतीरामचा गळा कापायचा की शेकायचा याचा.

जोतीराम हा राजाबाईचा थोरला, मानसिंग धाकटा. जोतीराम तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडींच्या टोळीचा मुकादम, वय बावन्न. दसऱ्याला त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. आधी म्हणाले विडीनं, मग म्हणाले कांद्याच्या धुळीनं, मग थंडीनं. सुंठ झाली, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी उत्कर्षानं, त्याच्या लेकीनं, बापाला जवळजवळ ओढत वाशीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं नळी घालून आत बघितलं आणि चिठ्ठी लिहिली, परळच्या हॉस्पिटलची. परळला तपासायला तुकडा काढला, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कागदावर तो शब्द आला.

परळच्या डॉक्टरीणबाई मोठ्या शांत होत्या. "लवकर आलात," म्हणाल्या. "एकाच स्वरतंतूवर आहे, लहान आहे, तंतू अजून नीट हलतोय. दोन रस्ते आहेत, ऑपरेशन किंवा रेडिएशन. दोन्ही चांगले. घरी बोला आणि सोमवारी सांगा." एकच रस्ता सांगितला असता तर शेलार मुकाट त्या रस्त्यानं गेले असते. दोन सांगितले, म्हणून देवाला विचारायची पाळी आली.

गावी जायचं कुणी? मानसिंगला तळोज्याच्या कंपनीत सुट्टी नव्हती, राजाबाईचे गुडघे गेलेले, उत्कर्षाचा देवावर विश्वास यथातथाच. राहिली गोजरा, जोतीरामची बायको. राजाबाईनं सुनेला दारात उभं करून तीन वेळा वदवून घेतलं, "उजवा पडला तर आपरेशन, डावा पडला तर लाईट. काय?" आणि गोजरानं तीन वेळा म्हटलं, "उजवा आपरेशन, डावा लाईट." लाईट म्हणजे रेडिएशन.

*

"काका, देव दोन मिनिटं बाजूला ठेवा," उत्कर्षा म्हणाली.

"बाजूला? देवाला?" राजाबाई कॉटवरून गरजली. "मान्या, ऐकतुयास ना? शिकवा अजून पोरींना."

उत्कर्षा एकवीस वर्षांची, वाशीला एका ऑफिसात टायपिस्ट. डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा तिनं सगळं फाईलच्या पाठीवर उतरवून घेतलं होतं. दोन दिवस ती त्याच्याच जोरावर भांडत होती. आता तिनं फाईल उलटी धरली आणि मोठ्यानं वाचायला लागली. कुणी ऐको न ऐको.

"ऑपरेशन. गळा बाहेरून उघडून त्या बाजूचा तंतू काढणार. आठ-दहा दिवस हॉस्पिटल. सुरुवातीला श्वासासाठी गळ्याला नळी, ती नंतर काढतात. आवाज राहतो, पण घोगरा, हवा गेल्यासारखा. समोरासमोर बोलता येईल. हाक दूर जाणार नाही."

"चालंल की. दादाला काय किर्तन करायचंय?" मानसिंग म्हणाला.

"रेडिएशन. साडेसहा आठवडे. सोमवार ते शुक्रवार रोज, असं तेहतीस वेळा. टेबलावर झोपायचं, पाच मिनिटांचं काम. कापाकापी नाही. पण गळा आतून सोलल्यासारखा होतो, गिळताना आग होते, आवाज आधी आणखी बसतो. नंतर दोन-तीन महिन्यांत परत येतो, जवळजवळ पहिल्यासारखा. आणि बरं होण्याचं म्हणाल तर दोन्हीत सारखंच, शंभरातले नव्वद. मग आबांचा चांगला आवाज कशाला घालवायचा?"

"गंगाराम आठवतो का तुला?" मानसिंगनं विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता. "दादाच्या टोळीतला. त्याला लाईटच दिली व्हती. तीन महिन्यांत गेला. मी खांदा दिलाय, उत्कर्षा."

"गंगारामकाकांच्या मानेवर लिंबाएवढी गाठ येईपर्यंत कुणी त्यांना डॉक्टरकडं नेलं नव्हतं. ते लाईटनं नाही गेले, उशिरानं गेले."

"बरं. आन् लाईट दिल्यावर परत आला तर? त्येबी लिवलंय का फाईलवर?"

लिहिलेलं होतं. उत्कर्षानं त्या ओळीवर बोट ठेवलं. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही, हीच तिची अडचण. "आला, तर बहुतेक वेळा सगळं स्वरयंत्र काढायला लागतं. गळ्याला कायमचं भोक राहतं. आपल्यासारखं बोलणं बंद."

"आन् आपरेशननंतर परत आला तर?"

"तर लाईट हातात शिल्लक असते."

"झालं तर मग!" मानसिंगनं मांडीवर थाप मारली. "त्यो शंभरातल्या दहातला निघाला तर काय करशील तू? तुझी फाईल वाचत बसशील?"

जोतीराम गॅलरीच्या उंबऱ्यावर टॉवेल गळ्याला गुंडाळून बसला होता. तुकडा काढल्यापासून त्याला कमी बोलायला सांगितलं होतं, आणि हा गडी एरवी शंभर गोण्यांच्या थप्पीपलीकडून ऐकू जाईल असा बोलणारा, तो आता नुसता बसून राहायचा. टोळीतली माणसं भेटायला येऊन त्याच्याशी उगाच मोठ्यानं बोलायची, जणू बहिरा झालाय. पोरीचं आणि भावाचं ऐकून त्यानं दोन बोटांची कात्री केली आणि हवेत एकदा कट्ट करून दाखवली. ऑपरेशन. आठ दिवस आणि मोकळं. त्याचं आधीपासून हेच म्हणणं होतं, आणि आता तर देवाचंही.

उत्कर्षानं फाईल मिटली. आत जाऊन तिनं बापाची पिशवी भरायला घेतली. लुंग्या, स्टीलचा पेला, चादर, साबण.

*

गोजरा अडीच वाजता घरी पोचली. वाशीला एसटीतून उतरून तिनं बस पकडली होती, हातात तांदळाची पिशवी, पदराच्या गाठीत अंगारा. चपला काढायच्या आत मानसिंगनं तिच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचा, भावजी?"

"कशाचा काय? तुमीच आनलाय की कौल! गुरवाचा फोन आला काल. उजवा!"

गोजरानं पेढ्याकडं बघितलं. मग भिंतीशी ठेवलेल्या पिशवीकडं. मग उंबऱ्यावर बसलेल्या नवऱ्याकडं, ज्यानं तिला बघून मान हलवली, म्हणजे आलीस का, बरं झालं.

"मी हातपाय धुते," ती म्हणाली आणि आत गेली.

मोरीत नळ सोडून ती नुसती उभी राहिली. पेढा अजून मुठीतच होता. आत्याबाईंनी तीन वेळा वदवून घेतलं होतं, तिनं वाटभर घोकलं होतं. उजवा आपरेशन, डावा लाईट. चूक व्हायला कुठं जागा होती? पण झाली, आणि ती खिंडीत झाली.

एसटी खिंडीतच सोडते. तिथून गाव खाली. पाऊण तासाची उतरण. काल उतरायला लागली तेव्हा ऊन कलत होतं. वळणावरच्या खडकाशी ती दम खायला थांबली, आणि सहज खाली बघितलं तर आपलं घर दिसलं. एवढुसं. अंगणातलं माणूस ओळखू येईना. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्न झालं, त्यातली पहिली एकोणीस ती त्या घरात राहिली आणि नवरा मुंबईत. आधी मस्जिद बंदरला, मग मार्केट इकडं हललं तसा तुर्भ्याला. वर्षातून दोनदा यायचा, चैत्रात यात्रेला आणि दिवाळीला. येताना ह्या खडकावर उभा राहून हाळी द्यायचा. ती हाळी गोजरानं आयुष्यभर खालून ऐकली होती. इथं थांबून वरून असं पहिल्यांदाच बघत होती. एवढ्या लांबून? एवढ्या लांबून ह्या माणसानं एकोणीस वर्षं आवाज पोचवला? छातीतनं किती ताकद लावली असेल! ती खडकावर बसली आणि मनसोक्त रडली. विचारणारं कुणी नव्हतं.

इथं कोपरखैरण्यात येऊन नऊ वर्षं झाली. नवरा रोज घरी. पण इथं हाळी द्यायला अंतरच नाही. ह्यानं मोरीतून साबण मागितला तरी शेजारच्या बिऱ्हाडाला कळतं.

देवळात गुरवानं भैरोबाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि म्हणाला, "बाई, परश्न मनात धर. तुझा देव, तुझा परश्न. धरलास की मान हलव." गोजरानं डोळे मिटले. आपरेशन, लाईट, सगळं तोंडाशी होतं. पण मनात दुसरंच वर आलं, ते तिनं आणलं नाही, आपोआप आलं. आणि तिनं मान हलवली. कळी पडली ती उजवीकडची. गुरव हसला, तीही हसली, हसतच उतरली देवळाच्या पायऱ्या. खाली आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलोय. परत वर जायची हिंमत झाली नाही. एका गोष्टीला देव वर्षात एकदाच बोलतो. रात्रभर तिनं ठरवलं, घरी गेलं की सगळ्यांच्या आधी ह्यांच्या कानावर घालायचं. गुरव फोन करेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"अगं ए, च्या टाक," राजाबाईनं हाक मारली. "आन् अंगारा दे आदी. उद्या परळला जाताना त्याच्या कपाळाला लावायचाय."

गोजरानं नळ बंद केला आणि तशीच ओल्या हातांनी बाहेर आली.

*

"आत्याबाई, त्यो कौल आपरेशनचा न्हाई."

राजाबाईला आधी कळलंच नाही. "आँ?"

"मी त्ये इचारलंच न्हाई. येगळंच इचारलं."

"येगळं म्हंजी?"

गोजरा फरशीकडं बघत राहिली. हे सासूपुढं, दिरापुढं, वाढलेल्या लेकीपुढं बोलायचं म्हणजे अंगावरचं लुगडं फेडण्यासारखं होतं. "खिंडीतनं हे हाळी द्यायचे, ती मला परत ऐकायला मिळंल का, असं इचारलं," ती म्हणाली. "देव व्हय म्हनला."

खालच्या मैदानात पोरांचं क्रिकेट चाललं होतं, त्यांचा आउट-नॉटआउटचा कालवा तेवढा वर येत होता.

मग राजाबाईचा तोल गेला. "माझ्या लेकाचा जीव टांगनीला लागलाय, आन् तुला हाळी सुचली? हाळी? देवाचा सबूद वाया घालवलास, गोजरे! कुठं फेडशील हे?"

"चुकले, आत्याबाई."

"चुकले म्हनून भागतंय? आता देव पुन्यांदा बोलनार न्हाई!"

"आये, थांब जरा," मानसिंग मध्ये पडला. "येगळी गोष्ट इचारली ना? मग आपली गोष्ट तर अजून इचारायचीच हाय. मी रातच्या गाडीनं जातो."

"मान्या, देवाफुडं वकिली करू नगंस! एका दुखन्याला एक कौल. दुखनं त्येच हाय ना?"

उत्कर्षा मात्र उठून आईजवळ आली होती. तिचे डोळे चमकत होते. "आई, अगं मग हा कौल लाईटचाच झाला! आवाज राहायचा असेल तर लाईटच!"

"न्हाई, न्हाई," गोजरा घाईनं म्हणाली. तिला आता रडू फुटलं. "माझं ऐकू नका कुनी. ती माझी हौस. हौशीपायी मानसाचा जीव घालवू व्हय? भावजी म्हनत्यात तसंच करा. कापून मोकळे व्हा. मला घोगरा चालंल, मुका चालंल, मानूस घरात पायजे."

आणि इथं उत्कर्षाचंही अवसान गेलं. दोन दिवस ती लाईटसाठी भांडत होती, पण भांडताना पाठीशी कुणी नव्हतं, त्यामुळं जबाबदारीही नव्हती. आता तिच्या लक्षात आलं की आपलं ऐकलं जाऊ शकतं. "काका," ती हळूच म्हणाली, "ते दहाजण... आबा त्यातले निघाले तर मी काय करू? मला पण टेन्शन आलंय आता. ऑपरेशनच करू या का?"

मानसिंग वहिनीकडं बघत होता. त्याच्या डोक्यात केव्हाचं दुसरंच चाललं होतं. "वैनी," तो म्हणाला, "पन ती हाळी तर माझी व्हती."

खरंच होती. जोतीराम खिंडीतून ओरडायचा ते "मान्याऽऽ" म्हणूनच. मानसिंग तेव्हा नऊ वर्षांचा. हातातली भाकरी टाकून तो अंगणात धावायचा, कमरेत वाकून, गळ्याच्या शिरा ताणून "ओऽऽ दादाऽऽ" म्हणून ओ द्यायचा आणि कंदील घेऊन वर पळत सुटायचा. शाळेत सांगायचा, माझा दादा मुंबईहून आला की खिंडीतून फक्त मला हाक मारतो. अख्ख्या गावात अशी हाक कुणाला येत नव्हती. बाप लवकर गेलेल्या पोराला तेवढी एक मिरवायला होती.

उंबऱ्यावर जोतीरामचे खांदे हलायला लागले. तो हसत होता, बिनआवाजाचा.

"मान्या," तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. आवाज फाटका होता, चिंधीसारखा, पण होता.

"आबा, बोलू नका," उत्कर्षा म्हणाली.

"आज बोलू दे. मान्या, नाव तुझं व्हतं, बाबा. दुसरं कुनाचं घेनार व्हतो? आये अंगनात बसल्याली. लगीन झालेला गडी खिंडीतनं बायकोच्या नावानं वरडला असता तर गावानं यात्रेत सोंग काढलं असतं."

मानसिंगचं तोंड उतरलं. सदतिसाव्या वर्षी हे कळावं! एवढा दाढीमिशांचा, दोन पोरांचा बाप, पण त्याला खरंच लागलं. थोडा वेळ तो पायाच्या अंगठ्याशी खेळत बसला. मग म्हणाला, "तरी म्हनलं, मी कंदील घेऊन पोचलो की दादा इचारायचा, घरी समदी बरी हायती ना? समदी म्हनताना माझ्याकडं बघायचाबी न्हाई."

"दोघं बी गप बसा," राजाबाई म्हणाली, पण तिच्यात मघाचा जोर नव्हता.

जोतीराम उठून आत आला. गोजरा भिंतीशी उभी होती, तिच्यासमोर तो खाली फरशीवर बसला. टोळीचा मुकादम बायकोसमोर असा बसलेला त्या घरानं कधी बघितला नव्हता. "तुला हाळीची हौस हाय," तो म्हणाला. प्रत्येक वाक्यानंतर त्याला थांबायला लागत होतं. "माझी काय व्हती ठाव हाय? मी खडकावर हुबा राहून वरडायचो. मग कान लावायचो. वाटायचं, आज तरी ही ओ दील. कसली बी. नुसतं हूं म्हनली तरी. एकोनीस सालं, दोन-दोन येळा. दर येळी ह्यो मान्याच ओ द्यायचा. मुंबईत रातीला गोनीवर पडलो की मला आयेचा आवाज आठवायचा, ह्याचा आठवायचा. तुझा आठवायचाच न्हाई. कारन मी कधी ऐकलाच न्हवता. चार दिवस यायचो, त्यात तू बोलायचीस ती कुजबुज."

"आत्याबाई असायच्या," गोजरा म्हणाली.

राजाबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

"उत्कर्षा, किती दिवस म्हनलीस लाईटचे?"

"तेहतीस. पण आबा..."

"जायला दीड तास?"

"दीड, कधी पावणेदोन. तितकाच यायला. पण आबा, तो उलटला तर..."

"कळलंय मला. दोन दिवस तुमचं ऐकतुयाच की. तोंड बंद व्हतं, कान न्हाई." तो गोजराकडं वळला. "उलटला तर गळ्याला भोक पडंल. तुला भ्या वाटतंय?"

"वाटतंय," गोजरा म्हणाली. "लई वाटतंय."

"मलाबी. आपरेशन म्हनत व्हतो त्ये बी भ्यानंच. आठ दिवसांत उरकायचं आन् मार्केटात जाऊन हुबं राहायचं, म्हंजी इचार करायला नगं. समदं असंच उरकत आलो बघ. लगीन उरकलं, पोरगी झाली तवा दोन दिवस येऊन त्येबी उरकलं." त्याला खोकला आला. उत्कर्षानं पाणी दिलं, ते तो घोट घोट प्यायला. "लाईट घेतो. देव म्हनला म्हनून न्हाई. देवानं तुला सांगितलंय, मला न्हाई. मी माझं सांगतुया. विडी आजपासनं बंद. आन् तेहतीस दिवस माझ्यासंगं तू येनार. मान्या न्हाई, पोरगी न्हाई. तू."

"येईन की."

"मला बोलायची बंदी असनार. मग तू बोलायचं. जाताना दीड तास, येताना दीड तास."

"मी?" गोजरा घाबरली. परळपेक्षा तिला ह्याचीच जास्त धास्ती वाटली असावी. "मी काय बोलू तीन तास?"

"लगीन झाल्यावर पाचव्या दिवशी मी एस्टीत बसलो. तिथनं सुरू कर."

"उद्या?"

"आत्ता."

गोजरानं सवयीनं आधी सासूकडं बघितलं. राजाबाईची पाठ होती. मानसिंग पिशवीतल्या लुंग्या काढून परत घडी करत होता, काही काम नसताना. उत्कर्षा दाराला टेकून उभी होती आणि तिच्या हातातली फाईल खाली गळून पडली तरी तिनं उचलली नाही.

"आमी खिंडीत सोडायला आलो, तुमी खिडकीत बसला व्हता," गोजरानं सुरुवात केली. आवाज इतका बारीक की जोतीरामला पुढं झुकायला लागलं. मग तिनं घसा साफ केला. "मागं वळून काय बघितलं न्हाई. गाडी वळली. मी धुरळा बसंस्तवर हुबी व्हते. आत्याबाई म्हनल्या, चल, शेन काढायचंय."

"मी असं म्हनले?" राजाबाईनं भिंतीकडूनच विचारलं.

"म्हनला."

म्हातारीनं तोंड इकडं वळवलं. तिचे डोळे भरलेले होते, आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही. "माज्या सासूनं मला ह्येच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "बरं, फुडं सांग."

"फुडं काय, काढलं शेन. मग दिवाळी आली. तिन्हीसांजेला मी गोठ्यात धार काढत व्हते, आन् खिंडीतनं हाक आली. मान्याऽऽ." आता तिचा आवाज मोकळा झाला होता, त्या दोन खोल्यांना पुरून उरेल एवढा. तिनं नवऱ्याकडं सरळ बघितलं. "तुमी म्हनता मी ओ दिली न्हाई. म्या दिली की. तोंडावर पदर धरून, म्हशीच्या आडोशाला बसून दिली. तुमास्नी कशी ऐकू येनार? पन दिली. त्या दिवाळीला दिली, फुडल्या चैतात दिली. दर येळी दिली."